मदत हवी आहे: सायलेन्सरचा गंजलेला नट निघतच नाहीये

जुनी वॅगन आर आहे, पेट्रोल. मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करणारा भाग) सायलेन्सरचा पुढचा पाइप जोडतात तिथला एकच नट जाम झालाय, बाकीचे निघाले. दोन दिवस डब्ल्यूडी-४० (गंज सैल करणारा स्प्रे) मारून ठेवलं, हातोडीने ठोकलं, पान्याला पाइप लावून जोर दिला तर नटाचे कोपरेच गोल झाले, आता १४ चा रिंग पाना नुसता फिरतो. अजून जोर लावला तर स्टडच (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटेल अशी धास्ती वाटतेय, मग मॅनिफोल्ड उतरवून ड्रिल मारावं लागेल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गॅसची ज्योत लावता येणार नाही, ग्राइंडर तिथे पोचत नाही, छिन्नी पोचते. १३ चा सॉकेट ठोकून बसवू, की नाना पेठेतून नट स्प्लिटर (नट चिरायचं हत्यार) आणू? स्टड वाचवायचा तर आधी काय करावं?