मदत हवी आहे: लिहिलेलं सरांना दाखवायचीच भीती वाटते

नमस्कार मंडळी. एम.ए. समाजशास्त्र, दुसरं वर्ष. प्रबंधाचं पहिलं प्रकरण दिवाळीआधी द्यायचं होतं, अजून लॅपटॉपमध्येच पडून आहे. विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा. मी स्वतः बीड जिल्ह्यातली. कोयते कारखान्यांकडे निघाले की आमचा वर्ग अर्धा रिकामा व्हायचा (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे इथे पुण्यात समजावून सांगावं लागतं!). म्हणजे माहिती कमी नाही. पण लिहायला बसलं की वाटतं, सर वाचून म्हणणार, "एवढंच?" मग मी खोली आवरते, पीडीएफ उतरवत बसते. ४० झाल्या, वाचल्या चार.

२५ मिनिटांचा टायमर लावून पाहिला, तेवढा वेळ एकच वाक्य खोडत होते. मागच्या सेमिनारला माझ्या 'न-ण'वर कुणीतरी हसलं, बहुतेक तिथूनच सुरू झालं. मैत्रीण म्हणते आळस आहे. आळशी माणसाला रात्री दोनपर्यंत झोप कशी येत नाही?

तुम्ही कच्चं लिखाण पहिल्यांदा कुणाला दाखवलंत? अर्धवटच सरांना दिलं तर चालतं का? आणि टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६) फोन करावा इतकं हे मोठं आहे का?