संजय गांधी निराधार योजनेच्या मासिक मदतीसाठी दिव्यांग दाखला लागतोच का?

नमस्कार मंडळी, भाऊ हमालीचं काम करायचा, अ‍ॅक्सिडेंटनंतर उजवा गुडघा वाकतच नाही, त्यामुळे काम बंदच आहे. सेतूवाला म्हणतो नुसते डिस्चार्जचे कागद चालणार नाहीत. आता काय करू?

— बरोबर सांगतोय तो. आधी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्र आणि दाखल्याचा) अर्ज टाका, मग सरकारी दवाखान्यात तपासणीला बोलावतात, जुने एक्सरे सोबत न्या नाहीतर परत पाठवतील. दाखल्यावर अपंगत्व किमान ४० टक्के पाहिजे. ते झालं की तहसीलला संजय गांधी शाखेत अर्ज.

— उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच हवा, दिव्यांगांना वर्षाला ५० हजारांपर्यंत चालतं. आणि १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा.

— पैसे किती मिळतात हो?

— दिव्यांगांना आता महिना २५००, आधी १५०० होते. त्यात घर कुठलं चालतंय, औषधपाणी निघतं एवढंच. खात्याला आधार लिंक आहे का ते आजच बघा, आमच्या वहिनींचं मंजूर होऊनही पैसे अडकले ते ह्याच्याचपायी.

— धन्यवाद, उद्या बँकेत जाऊन बघतो.