काम आहे, पैसा उरत नाही: फी, माणसं आणि तारखा कशा बसवता?

अजिंक्यतारा
साताऱ्यात स्वतःचं ऑफिस काढून तिसरं वर्ष चालू आहे. मी, एक ज्युनिअर आर्किटेक्ट आणि एक ड्राफ्ट्समन. हातात चार बंगले आहेत, आणि आता एका ट्रस्टचं शाळेच्या वाढीव इमारतीचं काम आलंय. सहा वर्गखोल्या, तळमजला अधिक एक. पुढच्या जूनला वर्ग भरले पाहिजेत, असं अध्यक्षांचं म्हणणं.

बंगल्याला मी स्क्वेअर फुटाला ८० रुपये घेते, इथे साधारण तसाच रिवाज आहे. पण महिन्याच्या शेवटी पगार आणि भाडं गेलं की हातात काही राहत नाही. शाळेसाठी अजून एक माणूस घ्यावा का? आणि फी बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर घ्यावी की फुटावर?

कृष्णाकाठ
८० रुपयांत पार्टी टाइल्स निवडायलाही सोबत नेते, वर किचन ट्रॉलीचं डिझाइन फुकट मागते. आधी कशाकशाचे पैसे घेतलेत ते लिहून द्या. टक्का की फूट, ते नंतर बघू.

गोदाकाठ
ताई, मी नाशिकला गेली बावीस वर्षं हाच धंदा करतोय. टक्का आणि फूट या भांडणात पडू नका. एका कामाला तास किती जातात आणि एक तास ऑफिसला कितीला पडतो, ते आधी काढा.

तुमच्यासारखं ऑफिस धरू. ज्युनिअर २५ हजार, ड्राफ्ट्समन २२, भाडं १२, वीज-सॉफ्टवेअर-प्रिंट-पेट्रोल २१, आणि तुमचा स्वतःचा पगार ६० हजार. हो, तो धरायचाच. बहुतेक जण नेमका तोच विसरतात. झाले १ लाख ४० हजार. आता कामाला लागणारे तास. त्या दोघांचे महिन्याला १४०-१४०. तुमचे ८० धरा, कारण उरलेला वेळ नगरपालिकेत, प्रवासात आणि पार्टीच्या चहात जातो. एकूण ३६०. म्हणजे तास पडला जवळपास ३९० रुपयांना.

आता २५०० फुटांचा बंगला. ८० रुपयांनी फी २ लाख. कन्सेप्ट ६० तास, बदल आणि थ्रीडी ७०, मंजुरीचे नकाशे ५०, साइटवर बांधायला लागणारी वर्किंग ड्रॉइंग १६०. साइट दीड वर्ष चालली आणि महिन्याला ८ तास गेले तर १४४. बेरीज ४८४ तास, खर्च १ लाख ८९ हजारांच्या आसपास. म्हणजे अकरा हजार सुटतात. पार्टीचं लोन अडकलं, कॉन्ट्रॅक्टर पळाला आणि साइट आठ महिने लांबली की ६४ तास वाढतात, २५ हजार जातात. गेला बंगला तोट्यात! ड्रॉइंगमध्ये आपण सहसा बुडत नाही, बुडतो ते शेवटच्या रेंगाळलेल्या साइटमध्ये. म्हणून करारात लिहा: साइटवरची देखरेख बांधकाम सुरू झाल्यापासून १८ महिने, पुढे दरमहा अमुक रुपये.

फीच्या हप्त्यांसाठी वास्तुशास्त्र परिषदेचे (काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर) टप्पे बघा. नेमणुकीला ५ टक्के, मंजुरीच्या नकाशांपर्यंत एकूण ३५, आणि बांधकाम जवळपास पुरं होईपर्यंत ९०. आपल्याकडे पार्टी मंजुरी हातात पडली की गायब होते, म्हणून मी ४० टक्के नकाशे सादर करण्याआधीच घेतो.

माणूस कायमचा घेऊ नका. आपल्याकडे कामाला भरती कधी येते बघा. सगळ्यांना भूमिपूजन दसऱ्याला हवं असतं, म्हणजे फुटिंग (पाया) आणि कॉलमची ड्रॉइंगं भाद्रपदात एकदम लागतात, आणि तेव्हाच ऑफिस गणपतीला गावी गेलेलं असतं. त्या दोन महिन्यांपुरता बाहेरचा ड्राफ्ट्समन शीटवर घ्या, म्हणजे पगार नाही, दर ड्रॉइंगमागे पैसे. पितृपक्षात नवीन पार्टी फिरकत नाही, ते पंधरा दिवस मी फक्त ड्रॉइंगला ठेवतो, फोन बंद.

शाळेचं वेळापत्रक जूनपासून उलटं मांडा. रंग, वायरिंग, बाकं एप्रिल-मेमध्ये. वीटकाम आणि प्लास्टर त्याआधी, म्हणजे वरचा स्लॅब जानेवारीअखेर पडायलाच हवा. दिवाळीला मजूर गावी गेले की लवकर परतत नाहीत, म्हणून प्लिंथ (जोतं) त्याआधी. शाळेत दहावीचं केंद्र असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपरच्या वेळात मिक्सर फिरवता येणार नाही, ते दिवस आधीच वजा करा. मंजुरी अजून हातात नसेल, तर अध्यक्षांना आजच सांगा: जूनला तळमजल्याच्या तीन खोल्या, वरच्या तीन दिवाळीनंतर. आणि तळमजल्यापुरता भोगवटा (वापराचा दाखला) आधी घ्यायचा असल्याचं नगरपालिकेच्या कानावर आत्ताच घाला.

जमाखर्च
एक भर. वर्षाचा खर्चच १६ लाख ८० हजार होतोय, म्हणजे फी थोडी वाढली की २० लाखांची हद्द ओलांडाल. मग जीएसटी नोंदणी आणि १८ टक्के. बंगल्याच्या पार्टीला तो कर कुठे वळता करून घेता येत नाही, तिच्या खिशातूनच जातो. करारात 'फी अधिक लागू असलेला कर' हे शब्द आजपासून घाला, नाहीतर तेवढेही तुमच्याच अंगावर पडतील.

अजिंक्यतारा
सगळ्यांचे आभार. काल रात्री जुन्या बंगल्यांचे तास आठवतील तसे मांडले. एका साइटला दोन वर्षं होऊन गेलीत आणि अजून जिन्याच्या रेलिंगवर चर्चा चालू आहे. ती पार्टी नात्यातली, मामेसासऱ्यांची. त्यांना दरमहाचं कसं सांगू?

गोदाकाठ
मामांना पैशाचं सांगूच नका, तारखेचं सांगा. 'रेलिंगचं या शनिवारी ठरवू, माझ्या शाळेचं काम सुरू होतंय, नंतर जमणार नाही.' दोन डिझाइनं घेऊन जा, तिसरं नको. त्यांच्या फॅब्रिकेटरलाही तिथेच बोलवा आणि निवडलेल्या ड्रॉइंगवर सही घेऊन निघा. नवीन पार्टीला मात्र पहिल्याच बैठकीत १८ महिन्यांचं कलम मोठ्याने वाचून दाखवा, नातं असो नसो.

कृष्णाकाठ
आणि जेवायला थांबू नका, ते धरून पाच तास होतात.