२० हजारात घरच्या थिएटरसाठी प्रोजेक्टर, सांगलीत कुणी घेतलाय का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, विश्रामबागला फ्लॅट आहे, त्यातली एक खोली रिकामीच पडलीय १० बाय १४ ची, तिथं रात्रीचे पिक्चर आणि आयपीएल बघायला प्रोजेक्टर लावायचा विचार चाललाय. बजेट पडद्यासकट २० हजार, त्याच्या वर गेलं तर सरळ टीव्ही घ्यायचा असं घरात ठरलंय. स्पीकर जुना आहे तोच वापरणार. पण ऑनलाइन बघायला बसलं की डोकं चालेना, ८ हजाराच्या डब्यावर १८००० लुमेन (म्हणजे उजेडाचं माप) आणि ४के लिहिलंय आणि एपसनचा ऑफिसात असतो तसला ३ हजार लुमेनवाला त्याच्या कितीतरी पट महाग, हे गणित काय आहे? खिडकी पश्चिमेला आहे, उन्हं पार सहा-साडेसहापर्यंत आत असतात.

मिरजजंक्शन:
भावा तो १८००० आकडा डोक्यातनं काढून टाक आधी. डब्यावर नुसतं लुमेन लिहिलं असंल तर त्याला काडीचा अर्थ नाही, आन्सी लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड, किती ते बघायचं, आणि ते दिलंच नसंल तर समजून जायचं. तुझ्या बजेटमधल्या एलईडीवाल्यांत खरे ३००-५०० आन्सी मिळाले तरी लई झालं. ते ऐकायला कमी वाटतं पण अंधाऱ्या खोलीत १०० इंचाला ३००-४०० मध्ये पिक्चर आरामात बघता येतो, थिएटरचा पडदा पण आपल्या टीव्हीएवढा लख्ख नसतोच की.
दुसरं म्हणजे ४के सपोर्ट. सपोर्ट म्हणजे ४के व्हिडिओ आत घेतो एवढंच, भिंतीवर टाकताना त्याच्या पॅनलला जमतं तेवढंच टाकणार. नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे पॅनलचे स्वतःचे पिक्सेल किती ते शोध, १९२० बाय १०८० असंल तरच घे. १२८० बाय ७२० वाला १०० इंचावर जवळनं बघितला की क्रिकेटचा स्कोअर फाटल्यासारखा दिसतो.

अजिंक्यतारा११:
साताऱ्यातनं बोलतोय. माझं मत, ५५ इंची टीव्ही घे आणि मोकळा हो. पश्चिमेची खिडकी म्हणतोस, रविवारची साडेतीनची मॅच तू प्रोजेक्टरवर बघणार कशी? पांढऱ्या भिंतीवर ऊन पडलं की काळा रंग काळा राहतच नाही, सगळं राखाडी. प्रोजेक्टर उजेड टाकू शकतो, अंधार नाही टाकू शकत.

मिरजजंक्शन:
@अजिंक्यतारा११ बरोबर आहे पण ५५ आणि १०० इंचात एरिया तिप्पट पडतो दादा, पोरं एकदा मोठ्या पडद्याला सोकावली की टीव्ही त्यांना मोबाइल वाटतो. साडेसातच्या मॅचला काही अडचण नाही. दुपारसाठी जाड ब्लॅकआउट पडदे लावायचे, त्यावर थोडे पैसे गेले तर जाऊ देत, मशीनवर खर्च करण्यापेक्षा तिथं जास्त फरक पडतो.

हळदबाजार:
लांबीचं कुणी बोलंना म्हणून सांगतो, खरी गोची तिथं होते. स्पेसिफिकेशनमध्ये थ्रो रेशो लिहिलेला असतो, या रेंजमध्ये बहुतेक १.२-१.३ च्या आसपास. म्हणजे पडदा जेवढा रुंद त्याच्या सव्वापट लांब मशीन. १०० इंची पडदा सव्वासात फूट रुंद असतो, म्हणजे मशीन नऊ फुटावर आलं, म्हणजे खोलीच्या मधेच, पंख्याच्या जवळपास. लोक मागच्या भिंतीला शेल्फ ठोकतात, १३ फुटावरनं चित्र होतंय १४० इंचाच्या वर, उंची जवळजवळ सहा फूट, आणि उजेड निम्मा होतो कारण तेवढाच प्रकाश दुप्पट जागेत पसरतो. मग झूम कमी करायला गेलं तर स्वस्तात ऑप्टिकल झूम नसतोच, डिजिटल झूम असतो, त्यात पिक्सेलच वाया जातात. कीस्टोनचं, म्हणजे वाकडं पडलेलं चित्र चौकोनी करायच्या सोयीचं पण तेच, ऑटो कीस्टोन ऑटो कीस्टोन म्हणून जाहिरात करतात पण तिरपं ठेवून सरळ करायला गेलं की चित्र धूसर. मशीन पडद्याच्या मध्यावर सरळ येईल असा सीलिंग ब्रॅकेट मार, वायरिंग आधीच काढून घे.
आणि सील्ड ऑप्टिकल इंजिन, म्हणजे आतला प्रकाशाचा भाग धूळ जाणार नाही असा बंद आहे का विचार. आमच्या शेजाऱ्याकडं उघड्या इंजिनवालं होतं, मार्केट यार्डाच्या बाजूला धूळ किती ते माहितीये तुम्हाला, आत धूळ बसून पडद्यावर डाग दिसायला लागले, कंपनीचं सर्व्हिस सेंटर जवळ नाही, मशीन पडून आहे.

भडंगप्रेमी:
सेकंडहँड ऑफिसवाले पण मिळतात की ओ, एपसन बेनक्यूचे, कोचिंग क्लासवाले विकतात. ३००० लुमेन खरे.

हळदबाजार:
मिळतात, उजेड झकास असतो, पण ते बहुतेक १०२४ बाय ७६८ चे, चौकोनी. वाइड पिक्चर लावला की वरखाली काळ्या पट्ट्या आणि हातात १०२४ बाय ५७६ च उरतं. शिवाय दिवा, साधारण चार-पाच हजार तासांत संपतो आणि नवा घ्यायचा म्हटलं की अंगावर येतं. घेताना मेनूत लॅम्प अवर्स बघायचेच, आणि विकणारा म्हणतो त्यावर जाऊ नका, मीटर रिसेट करता येतो. वळवात लाइट गेली की गरम दिवा फॅनशिवाय तसाच तापत बसतो, म्हणून यूपीएस लागतोच. एलईडीवाल्यांना एवढं टेन्शन नाही.

मिरजजंक्शन:
आतल्या अँड्रॉइडच्या भरवशावर पण राहू नका. बऱ्याच स्वस्त मशीनमध्ये नेटफ्लिक्स नीट चालत नाही, नाहीतर एचडीच मिळत नाही, कारण वाइडवाइनचं, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं सर्टिफिकेशन नसतं. फायर टीव्ही स्टिक एचडीएमआयला लावायची, विषय संपला. स्पीकर ब्लूटूथनं जोडला तर ओठ आधी आणि आवाज मागनं येतो, ऑक्सची वायरच बरी.

कृष्णाकाठ:
लई धन्यवाद. म्हणजे नेटिव्ह १०८०, आन्सी आकडा लिहिलेला, सील्ड इंजिन आणि नऊ फुटावर सीलिंगला. पण तिथं नेमका पंखा येतोय, पातं आडवं येणार नाही का? आणि पडदा विकत घ्यायचा का भिंतीलाच रंग मारू?

हळदबाजार:
पात्याच्या पातळीखाली मशीन उतरंल एवढा लांब रॉड घे. उजेड लेन्समधनं खाली जातो, त्यामुळं पात्याला लागायचा प्रश्न नाही, पण पंख्याच्या हुकातच ब्रॅकेट अडकवू नको, हादरून चित्र नाचतं. भिंत सपाट असंल तर आधी मॅट पांढरा मार आणि महिनाभर बघ, पडदा नंतर घेता येतो. चमकणारा रंग मारू नको तेवढं, मधोमध उजेडाचा डाग पडतो. पेंटरला मॅट फिनिश म्हणूनच सांग.