फ्रीलान्स एडिटर: युनियनचं कार्ड आधी काढू की सीए आधी गाठू?

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी. मी मुंबईत मालिका आणि वेबसिरीजचं एडिटिंग करते. २०२५-२६ मध्ये साधारण १४ लाखांची बिलं झाली. त्यातलं २ लाख १० हजारांचं एक बिल डिसेंबरपासून अडकलंय. आपल्याकडे नव्वद दिवसांची उधारी चालते, पण आता पाच महिने होत आले आणि निर्मात्याचे अकाउंटंट फोनच घेत नाहीत.

दुसरं म्हणजे सगळे पैसे देतानाच १० टक्के कर (टीडीएस) कापतात, त्यामुळे कर भरला गेलाय असं समजून मी मागच्या दोन वर्षांचं रिटर्न भरलेलं नाही. हातात पैसे मोजके आहेत. युनियनची प्रवेश फी भरू की चांगल्या सीएची? कोणी अनुभवी असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद, वसईहून (एडिटर, २२ वर्षं):
ताई, दोन्ही लागणार आहे. पण आज रात्री फुकटात होणारं एक काम आधी कर. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून २६एएस (तुझ्या नावावर जमा झालेल्या टीडीएसची यादी) उघड आणि त्या निर्मात्याच्या नावापुढे २१,०००, म्हणजे बिलाचे १० टक्के, दिसतात का बघ.

दिसत असतील तर त्याने तुझं बिल आपल्या वहीत मान्य केलंय आणि त्यावरचा टीडीएस सरकारात भरलाय. मग 'काम पसंत पडलं नाही', 'बिल मिळालंच नाही' या सबबी सांगणं त्याला जड जातं. थकबाकीच्या भांडणात असा कागद सोन्यासारखा असतो. २०१६ मध्ये माझे पैसे असेच अडकले होते. मी एडिटरांच्या असोसिएशनमध्ये, म्हणजे आपल्या युनियनमध्ये, रडकथा घेऊन गेलो, तर सेक्रेटरींनी पहिला प्रश्न विचारला, "कागद काय आहे?" बिल, काम पाठवल्याचा मेल आणि २६एएस एवढं समोर ठेवलं. त्यांनी निर्मात्याला पत्र लिहून दोघांना समोरासमोर बसवलं आणि तीन चेकमध्ये पैसे मिळाले. एकट्याने मी वर्षभर फोन करत होतो.

फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज या महासंघाला आपल्या वेगवेगळ्या कामांच्या संघटना जोडलेल्या आहेत. त्यांचं खरं हत्यार असहकार. एका एडिटरचे पैसे बुडवणाऱ्याकडे लाइटवाले, मेकअपवाले, स्पॉटवाले कोणीच जाणार नाही, ही भीती वकिलाच्या नोटिशीपेक्षा लवकर लागू पडते. मात्र सभासद होण्याआधीची थकबाकी हातात घेतील का, हे फी भरण्यापूर्वी ऑफिसात जाऊन विचार.

प्रतिसाद, डोंबिवलीहून (सीए):
टीडीएस म्हणजे तुमच्या नावावर आगाऊ जमा झालेली रक्कम. हिशेब रिटर्न भरल्यावरच पुरा होतो, आणि तुमच्या बाबतीत तो तुमच्या बाजूचा आहे.

आयकर नियम ६एफ मध्ये 'फिल्म आर्टिस्ट'च्या यादीत एडिटर आहे, म्हणून कलम ४४एडीए तुम्हाला लागू होतं. त्यात १४ लाख जमेवर निम्मी रक्कम, ७ लाख, उत्पन्न धरायची, उरलेली निम्मी खर्च. वह्या नाहीत, ऑडिट नाही. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य. म्हणजे कापलेले १ लाख ४० हजार परत मिळतात! युनियनची फी त्यातून सहज निघेल. (ती फी वेगळा खर्च म्हणून दाखवता येणार नाही, उरलेल्या निम्म्यात ती आलीच.)

मागच्या दोन वर्षांचं मात्र अवघड आहे. उशिराचं 'अपडेटेड रिटर्न' रिफंड मिळवण्यासाठी वापरता येत नाही. विलंब माफ करावा असा आयकर खात्याकडे अर्ज करावा लागेल, कारण पटवून द्यावं लागेल. पाच वर्षांची मुदत आहे, पण थांबू नका.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आकडे बदललेत, पण २०२५-२६ चं रिटर्न जुन्याच कायद्याने जाईल. जीएसटी २० लाखांच्या पुढे, ते सध्या सोडा. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये असतो, त्याची नोंदणी नसेल तर करून घ्या.

प्रतिसाद, ठाण्याहून (साउंड रेकॉर्डिस्ट):
माझ्यासारख्यांनी हे वाचून लगेच ४४एडीए भरू नका. नियम ६एफ च्या यादीत कॅमेरामन आहे, एडिटर आहे, असिस्टंट डायरेक्टरही आहे, पण साउंड रेकॉर्डिस्ट नाही. आवाजाशिवाय एकही एपिसोड जात नाही आणि यादीत आम्हाला जागा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. संघटनेने हे सरकारपुढे मांडायला हवं.

ताई, उद्यम नोंदणीही (सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंद) करून ठेव, मोफत आहे. त्यानंतरच्या कामांसाठी ४५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक होतं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. आणि वेळेत न दिलेली, मार्चअखेरही थकलेली रक्कम निर्मात्याला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, म्हणून मार्चमध्ये अकाउंटंट स्वतःहून फोन करतात.

प्रतिसाद, वसईहून:
करारावरून आठवलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत (नव्या कामगार कायद्यात) 'दृकश्राव्य कामगार' म्हणून मालिका आणि वेबसिरीजवालेही धरलेत, आणि त्यांना लेखी कराराशिवाय कामाला लावता येत नाही. मोबदल्याची मर्यादा आहे, तू त्यात बसतेस का ते युनियनमध्ये विचार. पुढच्या कामाला निदान मेलवर तरी रक्कम, मुदत आणि पैशांची तारीख लिहून घे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. रात्री २६एएस उघडलं. २१,००० आहेत, तारीख डिसेंबरचीच. पाच महिने मी त्यांच्याशी अजिजीने बोलत होते आणि त्यांनी बिल तेव्हाच मान्य केलं होतं.

प्रिंट काढली आहे. सोमवारी सकाळी अकराला असोसिएशनच्या ऑफिसात जाते, दुपारी सीएकडे. वसईकर दादा, तुम्ही त्या दिवशी अंधेरीत असाल तर सोबत याल का?

प्रतिसाद, वसईहून:
येतो. बिलाच्या दोन झेरॉक्स जास्त आण.