मदत हवी आहे: फिलिपिनो माजी सैनिकाच्या अंत्यविधीचा खर्च

मंडळी, माझ्या नवऱ्याचे आजोबा गेल्या महिन्यात कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीत वारले. १०१ वर्षांचे होते. फिलिपिनो घरात आजोबांना 'लोलो' म्हणतात, मीही तेच म्हणायचे.

दुसऱ्या महायुद्धात लोलो फिलिपाइन कॉमनवेल्थ आर्मीत, म्हणजे तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या फिलिपिन्सच्या फौजेत होते. जुलै १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी ही फौज अमेरिकेच्या सेवेत घेतली आणि १९४६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून या सैनिकांचे बहुतेक हक्क काढून टाकले. हा विषय निघाला की लोलो गप्प व्हायचे, नुसते टेबलावरच्या कपड्याची सुरकुती सरळ करत राहायचे. मला ते अजून डोळ्यांसमोर दिसतं.

२००० च्या कायद्यापासून अमेरिकेत कायदेशीर राहणाऱ्या अशा सैनिकांच्या दफनासाठी काही अटींवर पूर्ण दराने मदत मिळते, आधी निम्मीच मिळायची. त्यासाठी व्हीएचा (अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचा) २१पी-५३०ईझेड हा फॉर्म भरतेय. अडचण नावाची आहे. बिस्किटांच्या डब्यात त्यांचा फौजेतून डिस्चार्जचा कागद सापडला, घड्यांवर फाटलेला. त्यावर आडनावात एक अक्षर वेगळं आहे, ग्रीन कार्डवर वेगळं. फोनवर व्हीएच्या दोघांनी दोन उत्तरं दिली.

कुणी असा अर्ज केलाय का? नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र पुरतं, की सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागारातून नोंद मागवावी लागते? तिथून उत्तर यायला किती दिवस लागले? सासूबाईंनी सगळा खर्च साठवलेल्या पैशांतून केलाय, म्हणून विचारतेय. कृपया अनुभव कळवा.