चौथीपर्यंतच्या मुलांचं पाळणाघर शाळेतच हवं का?

कोलशेतकर:
8 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने 2024-25 पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. मुलांच्या झोपेसाठी हे योग्यच आहे. पण घोडबंदर रोडवरून मुंबईत कामाला जाणाऱ्या आईबाबांना साडेसातला घर सोडावं लागतं आणि परतायला सात वाजतात. मधल्या वेळेचं काय? माझं मत स्पष्ट आहे: शाळेने आपल्याच इमारतीत सकाळी 7 ते 9 आणि शाळा सुटल्यापासून 7 पर्यंत मुलं सांभाळावीत.

कारण मुलाचे हात किती वेळा बदलतात ते मोजा. घरून पाळणाघर, पाळणाघरातून व्हॅन, व्हॅनमधून शाळा, परत व्हॅन, परत पाळणाघर, मग घर. सहा वेळा. घोटाळा होतो तो याच जागी. "आज आजी न्यायला येईल" हा निरोप वर्गशिक्षिकेला जातो, व्हॅनवाल्या काकांना जात नाही. परीक्षेच्या दिवसांत शाळा लवकर सुटते, पाळणाघराला ठाऊक नसतं. मूल पोचलं नाही की पाळणाघर समजतं आज गैरहजर असेल, आणि कुणी शोधायलाच निघत नाही. शाळेतच सोय असेल तर हात चार वेळाच बदलतात, त्यातले दोन एकाच छताखाली.

नेरूळ सेक्टर:
मुद्दा पटतो, उपाय नाही. सात ते सात म्हणजे बारा तास एकाच इमारतीत! सहा वर्षांच्या मुलाला दुपारी गणवेश काढून, हातपाय धुऊन, गादीवर लोळायला मिळालं पाहिजे. बाकावर डोकं टेकवून झोप होत नाही, मग पाचनंतर रडारड आणि मारामाऱ्या. सोसायटीतल्या घरगुती पाळणाघरात मऊ वरणभात ताटात वाढला जातो. शाळेत सकाळी सातला भरलेला डबा दुपारी दोनला उघडणार. जूनच्या दमट हवेत सात तास राहिलेला भात मुलाला देऊ नये, मग तो वरून कितीही ठीक दिसो.

आणि जागा कुठे आहे? ठाणे, नवी मुंबईतल्या कितीतरी शाळा दोन सत्रांत चालतात. प्राथमिकची मुलं बाहेर पडली की त्याच खोल्यांत माध्यमिकचे वर्ग भरतात. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत तर शाळाच बंद, कचेऱ्या मात्र चालू. नेमकी गरज असते तेव्हाच कुलूप. पाळणाघरवाल्या ताई मे महिन्यातही दार उघडतात.

कोलशेतकर:
सुट्टीचा मुद्दा खरा आहे. शाळा चालवणाऱ्या संस्थेने सुट्टीतल्या सोयीचा करार वेगळा केला पाहिजे, नाहीतर पालक फसतील. खोल्यांचं मात्र इतकं अवघड नाही. तळमजल्यावरचं सभागृह किंवा बालवाडीची खोली मिळाली तरी भागतं, अट एकच की शौचालय त्याच मजल्यावर हवं. गाद्या घडीच्या घ्याव्यात, प्रत्येकीवर नाव, आणि चादर शुक्रवारी घरी धुवायला जावी. डब्यात भात नकोच. पोळी-भाजी चालते, किंवा जेवण तिथेच शिजावं.

हिशेब सांगतो, आकडे धरून चाललेले आहेत. 40 मुलांना चार ताया, महिन्याला प्रत्येकी 15,000 म्हणजे 60,000. जेवण आणि खाऊ दर मुलामागे दिवसाला 60 रुपये, 40 मुलांचे 22 दिवसांचे 52,800. एका मुलामागे महिन्याला 2,820 पडतात. बाराच मुलं असली तरी दोघी लागतातच, एक शौचालयाकडे गेली तर खोलीत दुसरी हवी. मग तोच आकडा 3,820 वर जातो. म्हणून निदान पंचवीस-तीस पालकांची लेखी नोंद झाल्याशिवाय शाळेने सुरू करू नये.

ऐरोलीची शिक्षिका:
शिक्षकांच्या बाजूने एक कळकळीची विनंती. हे काम वर्गशिक्षिकेच्या गळ्यात मारू नका. दिवसभर शिकवून झाल्यावर तीच बाई साडेसहाला दमलेल्या मुलांवर ओरडणार, आणि ते मुलांसाठी वाईट. माणसं वेगळी नेमा, पोलीस पडताळणी करूनच.

दुसरं, संध्याकाळच्या रिकाम्या इमारतीची मला सर्वात जास्त काळजी वाटते. सीसीटीव्ही झालेली गोष्ट दाखवतो, होणारी थांबवत नाही. साडेपाचनंतर वरच्या मजल्यांचे जिने कुलूपबंद हवेत. रंगारी, सुतार, इलेक्ट्रिशियन यांची कामं त्या वेळात ठेवायची नाहीत. मुलांना चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर पाठ हवा.

मूल सोपवायची वहीसुद्धा नीट आखा: नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, नेणाऱ्याची सही. प्रत्येक मुलामागे तीनच माणसांचे फोटो चिकटवलेले. चौथं कुणी आलं तर आईला किंवा बाबांना नोंदवलेल्या नंबरवर आपण फोन करायचा, समोरच्याने हातात दिलेल्या फोनवर बोलायचं नाही. आणि हजेरी लागल्यावर दहा मिनिटांत न आलेल्या मुलाच्या घरी फोन गेलाच पाहिजे. कोलशेतकरांनी सांगितलेला घोटाळा इथेच थांबतो, पाळणाघर शाळेत असो की सोसायटीत.

नेरूळ सेक्टर:
वही आणि दहा मिनिटांचा फोन, दोन्ही मान्य, घरगुती पाळणाघरांनीही उद्यापासून सुरू करावं. पण पावसाचं कुणी बोललं नाही. 26 जुलै 2005 सारखी लोकल गाडी बंद पडली तर सातला येणारे पालक रात्री पोचणारच नाहीत. घरगुती पाळणाघरात निदान चूल आहे, अंथरूण आहे, शेजारी आहेत. शाळेत काय?

ऐरोलीची शिक्षिका:
जूनपूर्वी ठरवून ठेवायचं. दोन ताया दहा मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्याच नेमायच्या, म्हणजे त्यांना गाडीची चिंता नाही. 40 मुलांना एका रात्रीपुरतं पाणी, बिस्किटं, पोहे, दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या, आणि पालकांचे नंबर कागदावर, कारण मोबाइल उतरतो. प्रत्येक पालकाकडून शाळेपासून चालत येऊ शकेल अशा एका माणसाचं नाव आधी लिहून घ्या. ज्याच्याकडे असं कुणीच नाही, त्याच्या मुलाला सोसायटीतलं पाळणाघरच बरं, हे मी नेरूळच्या बाजूने मान्य करते.